आगुंब्याच्या जुन्या घरात चार दिवस: एक जोड कोरडा ठेवायची विद्या

आगुंब्याला पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या बॅगेत दोन जीन्स, एक जाडजूड टर्किश टॉवेल आणि पांढरे कॅनव्हासचे बूट होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यातलं काहीच अंगावर घालण्यासारखं राहिलं नव्हतं. मुक्काम ज्या घरात होता तिथल्या अक्कांनी काही न बोलता आपली एक जुनी सुती साडी आणून दिली. पुढचे दोन दिवस मी ती कशीबशी गुंडाळून चुलीपुढे बसून काढले. त्या दोन दिवसांत जे शिकले आणि नंतरच्या चार-पाच खेपांमध्ये जे पक्कं झालं, ते इथे क्रमाने सांगते.

आगुंबे कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्याच्या तीर्थहळ्ळी तालुक्यात आहे. सह्याद्रीच्या अगदी काठावर, साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला थडकतात आणि तिथेच रिते होतात. वर्षाची सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे पडतो, म्हणजे दहा पुणी एकावर एक रचा. आंबोली पाहिलेल्यांना थोडी कल्पना येईल, पण आंबोलीत रस्त्याला वर्दळ असते, टपऱ्या असतात, शनिवार-रविवारची जत्रा असते. आगुंबे म्हणजे एक छोटा बाजार, बस थांबते ती जागा, वनखात्याचा नाका आणि मग चहूकडे सदाहरित जंगल.

राहायला दोनच तऱ्हेच्या जागा. एक म्हणजे गावातली साधी लॉजं आणि दुसरी जुनी घरं, जिथे पाहुणे ठेवतात. दोन्हीकडे लिफ्ट, स्वागतकक्ष, रूम सर्व्हिस वगैरे मनातून काढून टाका. मी जुन्या घरांबद्दलच लिहिणार आहे, कारण लॉजमध्ये राहायला मार्गदर्शन लागत नाही.

आधी पाऊस निवडा, मग तारीख

जून ते सप्टेंबर हा खरा पाऊस. धबधबे फुगलेले, धुकं इतकं की समोरचं तुळशीवृंदावन दिसत नाही, आणि बहुतेक जंगलवाटा बंद. या दिवसांत जायचं तर घरात बसायला जायचं. ज्यांना रोज काहीतरी ‘बघायचं’ असतं त्यांनी या दिवसांत जाऊ नये, चिडचिड होते.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हे माझे लाडके दिवस. पाणी अजून वाहतं असतं, दुपारी ऊन पडतं, वाटा उघडायला लागतात. जळवा असतात, पण आटोक्यात. डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि स्वच्छ आकाश. सनसेट पॉइंटवरून अरबी समुद्र दिसतो म्हणतात, तो या दिवसांत. पावसाळ्यात तिथे जाऊन फक्त पांढरा पडदा बघायला मिळतो. तोही वाईट नसतो म्हणा.

मार्च ते मे, खरं तर डिसेंबरपासूनच, गोचिडांचे दिवस. त्याचं पुढे सांगते, कारण तो विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

घर ठरवताना फोनवर काय विचारावं

मलनाडातलं, म्हणजे कर्नाटकच्या या डोंगरी पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे तोट्टी मने. आपला चौसोपी वाडाच. मधे उघडा चौक, चारही बाजूंनी सोपे, लाकडी खांब, वर मंगळुरी कौलं. पावसाचं पाणी चौकात पडतं आणि दगडी पन्हळीतून बाहेर जातं. आगुंब्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं घर म्हणजे दोड्ड मने, शब्दशः ‘मोठं घर’. वय शंभराच्या पुढे. शंकर नाग यांनी 1980च्या दशकात दूरदर्शनसाठी केलेल्या ‘मालगुडी डेज’चं चित्रीकरण इथे झालं, त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतली मंडळी त्या ओसरीवर पाय ठेवताच ती धून गुणगुणायला लागतात. पण आसपासच्या वाड्यावस्त्यांतही पाहुणे ठेवणारी घरं आहेत आणि गर्दीच्या दिवसांत तीच बरी.

फोन करताना लोक ‘अटॅच्ड आहे का’ आणि ‘वायफाय आहे का’ इतकंच विचारतात. त्याऐवजी हे विचारा.

न्हाणीघर खोलीपासून किती लांब, आणि तिथवर छप्पर आहे का? जुन्या घरांत न्हाणी आणि संडास मागच्या अंगाला असतात. मधली वीस पावलं उघडी असतील तर रात्री दोन वाजता, धो-धो पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्यात विजेरी धरून ती चालावी लागतील. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर हा प्रश्न पहिला.

गरम पाणी कशावर तापतं? उत्तर ‘गिझर’ आलं तर खूश होऊ नका. पावसाळ्यात वीज जाते, आणि जाते म्हणजे दोन-दोन दिवस जाते. ‘हंडे’ असं उत्तर आलं तर निर्धास्त जा. तांब्याचा मोठा हंडा भिंतीत चिणलेला, खाली चूल, सुपारीची सालं आणि लाकडं पहाटेपासून धुमसत असतात. पाणी कधीच संपत नाही. त्या धुराचा वास केसांना लागतो आणि घरी परतल्यावरही दोन दिवस राहतो.

कपडे वाळवायला आत जागा आहे का? चुलीजवळ दोरी बांधू देतील का? हा प्रश्न ऐकून पलीकडच्या बाईंचा आवाज बदलतो. या पाहुण्याला पावसाची कल्पना आहे, हे त्यांना कळतं.

जेवण किती वाजता? रात्रीचं जेवण आठला म्हणजे आठला. साडेनवाला उगवलात तर वाढतील, पण घर त्या वेळी निजायच्या तयारीत असतं.

आणि शेवटचं, कुठल्या कंपनीचा फोन लागतो? एखाद्याच कंपनीचं नेटवर्क, तेही अंगणाच्या एखाद्या कोपऱ्यात मिळतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन आला नाही तर पोलिसांत जाऊ नका.

भावाची घासाघीस करू नका. काही घरांत ठरलेला दर नसतो, जाताना जे द्याल ते घेतात, आणि आपल्याला तेच अवघड वाटतं. माझा हिशेब साधा आहे. तीर्थहळ्ळीत किंवा उडुपीत त्या दिवसाच्या खोलीला आणि दोन जेवणांना जे पडले असते तेवढे द्यायचेच, वर चुलीच्या लाकडांचे थोडे. फुकट राहायला मिळतं म्हणून जाणाऱ्यांमुळेच अशी घरं बंद होतात.

पोचायचं कसं

मुंबईहून कोकण रेल्वेने उडुपी, रात्रीचा प्रवास. मडगावहून तर चार-पाच तासांचंच काम. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागू होतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा जुन्या वेळा डोक्यात ठेवून पुढची बस ठरवू नका. उडुपीहून हेब्री, सोमेश्वर करत आगुंबे साधारण 55 किलोमीटर. सोमेश्वर सोडलं की घाट सुरू होतो, चौदा नागमोडी वळणं. वळणं इतकी आखूड की या मार्गावर छोट्या बसच चालतात. डाव्या-उजव्या खिडकीची चिंता करू नका, पोट सांभाळा. ज्यांना गाडी लागते त्यांनी उडुपीत मसाला डोसा न खाता वर चढावं.

कोल्हापूर-पुण्याकडून रस्त्याने येणाऱ्यांना बेळगाव, हुबळी, शिवमोग्गा, तीर्थहळ्ळी असा वरच्या अंगाने रस्ता आहे. शिवमोग्ग्याहून आगुंबे साधारण 95 किलोमीटर. घाट नको असेल तर हा बरा. स्वतःची गाडी असेल आणि दरडीचे दिवस असतील, तर निघायच्या सकाळी घरमालकांना फोन करून ‘घाट चालू आहे का’ एवढं विचाराच. जड वाहनांना पावसाळ्यात घाट बंद करतात, आणि झाड आडवं पडलं की सगळ्यांनाच बंद.

कसेही या, पण उजेड असताना पोचा. आणि रोख पैसे उडुपीत किंवा तीर्थहळ्ळीत काढा. रेंज नसली की यूपीआय म्हणजे नुसता खेळ. सुट्ट्या नोटा, पन्नास-शंभरच्या, झिपच्या पिशवीत.

बॅग: एकच नियम

एक जोड कोरडा. सगळी विद्या याच्यातच आहे.

रात्री झोपताना घालायचा एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसकट आणि मोज्यांसकट, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून गाठ मारून ठेवायचा. तो जोड घालून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. ‘जरा पाच मिनिटं अंगणात’ म्हणून नाही, बेडूक बघायला नाही, कशासाठीच नाही. सकाळी तो उतरवून परत पिशवीत, आणि कालचे ओलसर कपडे अंगावर. ओले कपडे चढवताना अंगावर काटा येतो, पण दहा मिनिटांत अंगाच्या उबेने ते सहन होण्याजोगे होतात. हे जमत नाही ती माणसं तिसऱ्या दिवशी सगळे जोड ओले करून बसतात. मीही बसले होतेच.

बाकी सामान थोडक्यात. जीन्स नको, पातळ नायलॉनची पँट हवी. टर्किश टॉवेल नको, पंचा घ्या. पंचा पिळून चुलीपुढे धरला की वाळतो, टॉवेल चार दिवसांत वाळत नाही आणि पाचव्या दिवशी त्याला वास मारतो. रबरी तळव्याच्या सँडल किंवा गमबूट. मोठी काळी छत्री, कारण वाऱ्यात रेनकोटच्या गळ्यातून पाणी आत जातंच. सुतळी नव्हे, नायलॉनची दोरी आणि आठ-दहा चिमटे. डोक्याला बांधायची विजेरी आणि तिचे जादा सेल. काडेपेटी सादळते, लायटर ठेवा. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घ्या. ओल्या बुटांत कागदाचे बोळे कोंबून ठेवले आणि दोनदा बदलले की सकाळी बूट निदान ठिबकत नाहीत. कॅमेरा असेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. भिंगाला बुरशी चढली की ती काढण्यात अर्धं भिंग जातं.

खोलीत खायचे पदार्थ उघडे ठेवायचे नाहीत. चिवडा सादळतो म्हणून नव्हे. उंदीर येतात, उंदरांमागे धामण येते, आणि आगुंब्यात धामणीमागे कोण येतं ते पुढे.

पहिली संध्याकाळ

चपला पायरीशी. पाय धुवायला बाहेर पाण्याचं भांडं भरलेलं असेल, पाय धुऊनच वर या. आल्याआल्या कषाय देतील. धणे, जिरं, बडीशेप, मिरी भाजून केलेली पूड, गूळ आणि दूध. चहा मागू नका. हे प्या आणि मग चहाची गरज वाटते का बघा.

खोलीत शिरल्यावर वर बघा. कौल कुठे गळतं ते छपराखालच्या डागांवरून कळतं. डागाखाली गादी असेल तर आत्ताच सरकवून घ्या, रात्री अंधारात नको. गादी हाताने दाबून पाहा. पावसाळ्यात ती थोडी दमट असणारच, त्यावर आपली चादर दुहेरी अंथरा. मच्छरदाणी असेल तर तिच्या कडा गादीखाली खोचा. त्या डासांसाठी जेवढ्या, तेवढ्याच वरून पडणाऱ्या किड्यांसाठी.

मग दार. या घरांची दारं फणसाच्या किंवा सागाच्या जाड फळ्यांची, आणि पावसात लाकूड फुगतं. कडी लागत नाही म्हणून धक्के मारत बसू नका. दार हँडलजवळ किंचित वर उचला, गुडघ्याने खालून टेका द्या, आणि मग कडी सरकवा. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं आत कुस्ती चालली आहे. मेणबत्तीचा तुकडा कडीवर घासला की पुढचे दिवस सोपे जातात. हाच तुकडा बॅगेच्या चेनीलाही चालतो.

वीज असेल तोवर फोन, विजेरी, कॅमेरा सगळं चार्ज करून घ्या. ‘उद्या सकाळी करू’ म्हणालात की ‘करेंट इल्ला’ ऐकायची तयारी ठेवा.

घराला बाहेरून सुपारीच्या झावळांच्या तट्ट्या लावलेल्या दिसतील. कोकणात झड आत येऊ नये म्हणून ओसरीला झावळं बांधतात तसंच. शेतावर जाणारी माणसं अजूनही कधी गोरबु पाठीवर घेतलेली दिसतात. आपलं इरलंच ते. मला दरवेळी वाटतं, भाषा बदलली तरी सह्याद्रीचा पाऊस दोन्हीकडे माणसांकडून एकच काम करून घेतो.

भाषेचं म्हणाल तर मोडकंतोडकं हिंदी चालतं, आणि कोकणी येत असेल तर खालच्या किनाऱ्यापासूनच अडत नाही. तरी पाच शब्द पाठ करा. बिसि नीरु म्हणजे गरम पाणी, ऊट म्हणजे जेवण, साकु म्हणजे पुरे, मळे म्हणजे पाऊस, इंबळ म्हणजे जळू. ‘साकु’ सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो पानावर हात आडवा धरून म्हणायचा, नाहीतर आणखी एक वाढी पडते.

न्हाणी

हंड्यातलं पाणी उकळतं असतं. शेजारी गार पाण्याची टाकी असते. आधी बादलीत गार, मग गरम. उलट केलंत तर हात पोळतो. विस्तवाजवळ नायलॉनचे कपडे लटकवू नका. दिवसातली आंघोळ एकच करायची असेल तर ती जंगलातून आल्यावर करा, कारण तीच अंगावर काय चिकटलंय हे तपासायची वेळ. मात्र जुन्या वळणाच्या घरात सकाळी आंघोळीआधी स्वयंपाकघराकडे वळू नका. तसंही न विचारता कुणाच्या चुलीपाशी जाऊ नये. आणि ज्या घरात मांसाहार होत नाही तिथे पिशवीतून अंडी किंवा बाटली नेऊ नका.

पान

याबद्दल मी तीन पानं लिहू शकते, पण आवरते. सकाळी नीर डोसा किंवा अक्की रोट्टी. फणसाच्या पानांचे द्रोण टोचून त्यात वाफवलेला कोट्टे कडुबु, पानाचा वास आतपर्यंत उतरलेला. पावसाळ्यात पत्रोडे, म्हणजे अळूवडीचीच बहीण, आणि कळले, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. हे कोंब पाणी बदलत दोन-तीन दिवस भिजवावे लागतात, तेव्हा ‘आज करा ना’ असा हट्ट धरू नका, आल्या दिवशीच सांगा. भाताबरोबर तंबळी. ब्राह्मीसारखा एखादा पाला वाटून ताकात कालवलेला, न उकळता. पोटाला इतकं थंड काही मी खाल्लेलं नाही. लोणचं अप्पेमिडीचं, करंगळीएवढ्या अख्ख्या कैऱ्यांचं, देठासकट.

बाहेर पडायचं, आणि जळवा

जोगीगुंडी हा धबधबा गावापासून तीनेक किलोमीटर, पहिल्या दिवसाला पुरे. ओनके अब्बी लांब आणि जंगलातून. ओनके म्हणजे मुसळ, अब्बी म्हणजे धबधबा. मुसळधार या शब्दाची इतकी सरळ फोड मला दुसरीकडे कुठे सापडली नाही. बरकण हा सीता नदीचा उंच धबधबा, तो लांबूनच बघायचा. जंगलात शिरायला वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात बऱ्याच वाटा बंद असतात. नाक्यावर जाऊन विचारा, ‘नाही’ म्हणाले तर परत फिरा. गावातला कुणी वाटाड्या बरोबर असल्याशिवाय ओढा ओलांडू नका. वरती पडलेला पाऊस खाली अर्ध्या तासाने येतो.

आता जळवा. त्या झाडावरून पडत नाहीत, पाल्यातून पायावर चढतात. मांजरपाटाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवून घ्या, वर नाडी. विणलेल्या मोज्याच्या छिद्रांतून जळू सहज आत जाते, मांजरपाटातून जात नाही. पँट मोज्यात खोचा, मोज्यावर तंबाखूचं पाणी शिंपडा. चालताना थांबू नका. फोटोसाठी एका जागी दोन मिनिटं उभे राहिलात की पाल्यावर बोटभर उंच उभ्या राहून, डोकं हवेत फिरवत तुमचा माग काढणाऱ्या दिसतील. दोरा सुईत ओवताना हात जसा थरथरतो तशी त्यांची हालचाल. एकदा नजर बसली की मग सगळीकडे दिसतात.

कपड्यावर असेल तर मिठाची पुरचुंडी टेकवा, गळून पडते. कातडीला लागली असेल तर मीठ, चुना, विडी काही नको. ती पोटातलं ओकते आणि ते जखमेत जातं. बारीक टोकाकडे नख आडवं सरकवा, पकड सुटली की दुसरं टोक सोडवा आणि टिचकी मारा. उपटू नका. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. दिसतं भयंकर, पण जातं थोडंच. साबणाने धुवा, कापूस दाबून धरा. खाज तीन-चार दिवस येईल, खाजवू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच या मोसमात जा.

नागराज आणि माकडताप

आगुंबे जगभरच्या सर्पतज्ज्ञांना माहीत आहे ते नागराजामुळे, म्हणजे किंग कोब्रामुळे. रोम्युलस व्हिटेकर यांना इथे 1971मध्ये पहिल्यांदा नागराज दिसला आणि 2005मध्ये त्यांनी इथे वर्षावन संशोधन केंद्र उभं केलं. ते राहायचं हॉटेल नव्हे, ‘जरा बघून येऊ’ म्हणून तिथे धडकू नका. पश्चिम घाटातला नागराज ही वेगळी जात असल्याचं 2024मध्ये मांडलं गेलं आणि तिला कानडीतल्या नावावरूनच ‘कालिंग’ म्हटलं. हा साप इतर साप खातो, धामण त्याची आवडती. म्हणून वर म्हटलं, खोलीत चिवडा उघडा ठेवू नका.

नागराज दिसलाच तर तो बहुधा आपल्या वाटेने जात असतो. जागच्या जागी थांबा, त्याला रस्ता द्या, घरच्यांना सांगा. इथली माणसं त्याला मारत नाहीत. मला जास्त काळजी वाटते ती चापडा या विषारी सापाची. हिरवा, तपकिरी, कुठल्याही रंगाचा, आणि फांदीवर किंवा पायरीच्या कडेला तासन् तास न हलता बसलेला. त्यामुळे रात्री अंगणात उतरताना आधी उजेड, मग पाऊल. कठड्यावर, फांदीवर न बघता हात टेकवायचा नाही. सकाळी बूट उलटे आपटायचे.

साप चावलाच तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, हात-पाय हलू देऊ नका, 108ला फोन करा आणि जी गाडी आधी मिळेल तिने निघा. तीर्थहळ्ळीचं तालुका रुग्णालय जवळ, मोठी सोय मणिपालला. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, नागराज-चापड्यांसाठी नाही. पण ते ठरवत बसायचं काम आपलं नाही, रुग्णालयात लवकर पोचणं आपलं.

माकडताप सिंधुदुर्गातल्या वाचकांना सांगायला नको, दोडामार्ग-बांद्याच्या बाजूने त्यांनी तो भोगलाय. त्याचं मूळ याच शिवमोग्गा जिल्ह्यातलं. 1957मध्ये क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून वैद्यकीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. गोचिडांमार्फत पसरतो, जोर कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते मे. या दिवसांत गेलात तर पाल्यावर बसू नका, अंगभर कपडे घाला, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, मांड्या, कानामागे नीट पाहा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. घरी परतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना ‘मलनाडातून आलोय’ हे पहिलं वाक्य सांगा. पुण्यातल्या दवाखान्यात ते कुणी आपणहून विचारणार नाही.

पाऊस थांबतच नाही तेव्हा

दोन दिवस बाहेर पडता आलं नाही तर गाडी करून घाटमाथ्याच्या आतल्या अंगाला जा, तिथे पाऊस निम्मा होतो. कुप्पळीला कानडी कवी कुवेंपूंचं जुनं घर जतन केलंय. तोट्टी मने कशी वापरात असायची, कोठार कुठे, बाळंतिणीची खोली कुठे, हे तिथे कोरड्या अंगाने बघता येतं. कवलेदुर्गचा किल्ला केळदीच्या नायकांचा. 1689मध्ये जिंजीकडे जाताना राजाराम महाराजांना आश्रय दिला तो केळदीच्याच राणी चेन्नम्माने. ज्या पावसात आपण चार दिवसांत कावतो, त्या मुलखातून वेष पालटून, मागे मोगल घेऊन माणसं गेली.

नाहीतर कुठेच जाऊ नका. ओसरीवर बसा. धनेशाची पंखांची फडफड झाडाआडून ऐकू येते, शीळकरी कस्तुर पहाटे माणसासारखी शीळ घालतो. पाऊस अर्धा तास उघडला की शेकरू समोरच्या झाडावर उतरतं.

निघताना आणि घरी आल्यावर

पैसे पाकिटात घालून घरातल्या बाईंच्या हाती द्या, टेबलावर ठेवून जाऊ नका. प्लॅस्टिकचा सगळा कचरा बरोबर न्या, तिथे घंटागाडी येत नाही. अक्कांसाठी काही न्यायचं तर शोभेची वस्तू नको. मी कोल्हापूरचा गूळ नेते, तो लगेच कषायात जातो.

घरी आल्यावर बॅग त्याच दिवशी रिकामी करा आणि उन्हात उलटी टाका. चामड्याचा पट्टा, पाकीट पुसून वाऱ्यावर. आणि छत्री घरात उघडू नका. मी कोल्हापूरला पोचल्यावर दिवाणखान्यात उघडली, तर घडीतून एक बारकी, सुकत आलेली जळू फरशीवर पडली आणि हळूच डोकं वर करून आईच्या पायाचा माग काढायला लागली. आता छत्री जिन्यातच झटकते.